उकडीला पिठी ५०० ग्रॅम आणि पाणी ५०० मिली, तरी मोदक फुटले! कुठे चुकलं?

घावन_घाटलं

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही मेलबर्नला असतो, येऊन दीड वर्ष झालं. यंदा गणपतीला पहिल्यांदाच एकटीने उकडीचे मोदक करायला घेतले. सासूबाई चिपळूणच्या, गप्पा मारता मारता एकवीस मोदक वळून मोकळ्या होतात, त्या व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांचं प्रमाण एका वाक्यात, पिठी जेवढी तेवढंच पाणी, चवीला मीठ, चमचाभर तूप, झालं. आता मी नुकताच केकसाठी म्हणून डिजिटल वजनकाटा घेतलाय आणि नवी वस्तू घरात आली की ती वापरायचा जो उत्साह असतो तो होताच, त्यामुळे मी वाटीबिटी न घेता सरळ काट्यावर पिठी ५०० ग्रॅम मोजली आणि मापाच्या जगमधून पाणी ५०० मिली घेतलं. जेवढ्यास तेवढं!

उकड कसली, भगराच झाला. कोरडं पीठ तळाला तसंच. वाफ दिली, गरम पाण्याचा हात लावून लावून अर्धा तास मळलं, हात भाजून निघाले, पण पारी करायला घेतली की कडा फाटायच्या आणि कळ्या पाडायला गेलं की तुटायच्या. एकवीसपैकी सहा मोदक धड वाफवून निघाले, तेच बाप्पापुढे ठेवले. उरलेल्या उकडीत मिरची-जिरं वाटून घातलं आणि निवगऱ्या केल्या, त्यांना नवरा "मस्त झाल्यात" म्हणाला तेव्हा जास्तच राग आला.

सासूबाई म्हणतात पाणी कमी पडलं. पण मी तर मोजून सारखं घेतलं होतं ना?

अजून एक, वाटी म्हणजे किती ग्रॅम याचा कुठे पक्का तक्ता आहे का? सगळ्या मराठी रेसिपी वाटीत, इथल्या २५० मिलीच्या कपात, अमेरिकन व्हिडिओवाले २४० म्हणतात, आणि इथला टेबलस्पून २० मिलीचा आहे हे मला परवा पाकिटावर वाचून कळलं. डोकं चालेनासं झालंय.

---

कोकम_आगळ

अगं तुझी सासूबाई बरोबर आणि तूही बरोबरच मोजलंस, फक्त दोघींचं "सारखं" वेगळं आहे. त्या म्हणतात एक वाटी पिठी तर एक वाटी पाणी, म्हणजे जागा सारखी. तू घेतलंस वजन सारखं. पाण्याचं काय असतं की १ मिली म्हणजे १ ग्रॅम, तिथे वजन आणि माप एकच येतं म्हणून आपल्याला वाटतं सगळ्याचंच तसं असणार. पिठी हलकी असते गं, कणाकणात हवा. २५० मिलीचा कप पिठीने भरलास तर काट्यावर साधारण १५० ग्रॅम दिसेल, दाबून भरलीस तर जास्त.

आता तुझा हिशोब कर. ५०० ग्रॅम पिठी म्हणजे सव्वातीन कपांच्या वरच झाली, मिलीत म्हटलं तर ८३० च्या आसपास. म्हणजे पाणी पण ८०० ते ८३० मिली हवं होतं आणि तू घातलंस ५००. तीनशेच्या वर मिली पाणी कमी! फाटणार नाही तर काय होणार. हात भाजून घेतलेस ते बिचारे उगाच.

तक्ता विचारलास तर पक्का असा नाहीच कारण मुळात वाटीच पक्की नाही. आमच्याकडे आमटीची वाटी वेगळी, श्रीखंडाची वेगळी, आणि आई जिने मोजते ती लग्नात आलेली तिसरीच. तू असं कर, घरातली एक वाटी कायमची ठरव. काट्यावर रिकामी ठेव, आकडा शून्य कर आणि काठोकाठ पाणी भर. जेवढे ग्रॅम तेवढे मिली. मग तीच वाटी पुसून कोरडी करून पिठी, रवा, साखर, जे जे तू नेहमी वापरतेस ते एकेक भरून वजन लिहून ठेव आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटव. अर्ध्या तासाचं काम आहे, आयुष्यभर पुरेल. वाटी फुटणारी घेऊ नकोस मात्र, स्टीलची घे.

---

ज्वारीचं_कणीस

सुनबाईंचा प्रश्न वाचून मजा वाटली. माझं वय ७१, पंढरपूरकडचा. आमच्या लहानपणी हा गोंधळ रोजचाच होता कारण शेर हा शब्दच दोन्हीकडे चालायचा. वजनाचा शेर म्हणजे ८० तोळे, आजच्या हिशोबाने ९३३ ग्रॅम, किलोला थोडा कमी. आणि धान्य मोजायचा शेर म्हणजे भांडं. गूळ, तूप तोलून, ज्वारी बाजरी मापून. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली आणि सोळा पायल्यांचा मण. हे शाळेत पाठ नव्हतं करून घेतलं, खळ्यावर बसून आपोआप पाठ झालं. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, पण आमच्या गावात पायली त्यानंतरही कितीतरी वर्षं हटली नाही. आजही सालाचं धान्य पायलीवर बोलणारे आहेत.

आता मुद्द्याचं. मापात खरी गंमत शिगेत, म्हणजे काठाच्या वर येणाऱ्या ढिगात असते. माप काठाशी सपाट करून दिलं तर एक आणि वर शीग लावून दिलं तर दुसरं. घ्यायच्या वेळी शिगोशीग आणि द्यायच्या वेळी हाताने सपाट करणारे महाभाग प्रत्येक गावात असायचे, नावं घेत नाही, त्यांची नातवंडं इथे असतील. तर तुमच्या सासूबाईंची वाटी सपाट का शीग लावलेली हेही विचारून घ्या. पिठाला शीग फार मोठी येते, पाण्याला येतच नाही. म्हणजे शिगेची पिठी आणि काठोकाठ पाणी घेतलं की तिथेही पाणी कमीच पडणार.

---

फसलेला_केक

आजोबा, शिगेचं एक नंबर! हेच मी केकवाल्या मैत्रिणींना सांगून थकले, आता "शीग" शब्द वापरीन.

मी ठाण्याला घरून केक करते, ऑर्डरचे. पहिली दोन वर्षं कपानेच मोजत होते आणि एक केक मऊ तर दुसरा वीट असं चालू होतं, रेसिपी तीच, ओव्हन तोच. शेवटी एक दिवस वैतागून एकच २५० मिलीचा कप आणि एकच मैदा घेऊन तीन प्रकारे भरला. चाळून अलगद चमच्याने भरला आणि सुरीने सपाट केला तर ११८ ग्रॅम. न चाळता चमच्याने भरला तर १३०. आणि मी जसं रोज करायचे तसं, कप सरळ डब्यात खुपसून वर ओढला, ओट्यावर दोनदा आपटला, तर १५८! म्हणजे घाईच्या दिवशी मी जवळपास चाळीस ग्रॅम मैदा जास्त घालत होते आणि शिव्या ओव्हनला. त्या दिवसापासून केक, बिस्किटं, नानखटाई, पाव, सगळं ग्रॅममध्ये.

बरं कप घ्याल तर तेही तपासून घ्या. मी ऑनलाइन एक सेट मागवला होता, त्यावर ठळक २४० लिहिलेलं, पाणी भरून मोजलं तर २२५. परत पाठवायची मुदत संपली होती, आता त्यात लवंग-वेलची ठेवते.

ताईंच्या कपाच्या प्रश्नाचं सांगते. अमेरिकन कप २४० च्या आतबाहेर, ऑस्ट्रेलियन २५०. हा फरक पदार्थाला फारसा लागत नाही, कारण सगळंच एका कपाने मोजलं तर सगळंच थोडं थोडं वाढतं. जपानी रेसिपी बघत असाल तर त्यांचा कप २०० चा आणि राइस कुकरसोबत जो प्लास्टिकचा मिळतो तो बहुतेक वेळा १८० चा, तो कप समजून केकला वापरू नका, मी वापरलाय. टेबलस्पूनचं मात्र जपा. तुमचा २० मिलीचा म्हणजे चार चहाचे चमचे, बाकी जवळपास सगळीकडे १५ चा म्हणजे तीन. अमेरिकन रेसिपीत दोन टेबलस्पून कोको लिहिलाय आणि तुम्ही तिथल्या चमच्याने घेतला तर अडीचच्या वर जातो. सोपं म्हणजे टेबलस्पून विसरा, चहाचा चमचा दोन्हीकडे ५ मिलीचाच आहे, तीनदा घ्या.

माझ्या कागदावरचे आकडे देते, कप २५० मिली, भरून सपाट केलेला, न दाबता. साखर २१० च्या जवळ, पिठीसाखर १२५, रवा १७० ते १७५, चाळलेलं बेसन १०० ला थोडं कमी, साबुदाणा १६०, कच्चे शेंगदाणे १५०, तेल २३०, पातळ तूप २२५, मध ३५०. मध बघून दचकू नका, तो पाण्यापेक्षा जडच असतो. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे तुमच्याकडे येतील, रवा बारीक का जाड यावर पण आहे.

---

आंबेमोहर_बासमती_नको

बाकी सगळं ठीक पण जेवढ्यास तेवढं पाणी हेही काही ब्रह्मवाक्य नाही हं. तांदूळ जुना असेल तर पिठी जास्त पाणी पिते, नव्या तांदळाची उकड चिकट होते आणि तिला थोडं कमी पुरतं. मी आंबेमोहर धुवून सावलीत वाळवून दळून आणते, तिला वाटीला वाटी बरोबर बसतं. दुकानातलं पाकिटातलं तांदळाचं पीठ आणलं होतं एकदा तर सव्वा वाटी लागलं. आणि परदेशात मिळतं ते पाकीट किती महिने एकावर एक रचून दाबून ठेवलेलं असतं देव जाणे, ते तसंच वाटीत घेतलं तर दाबलेलंच येतं. आधी चाळून मोकळं करा आणि मग मोजा.

खरं सांगू का, ग्रॅमबिम करून मोदक होत नाहीत. उकड हाताला कळते. माझी आजी तर पाण्याला आधण आलं की भांड्यात बघून पिठी घालायची.

---

कोकम_आगळ

@आंबेमोहर, आजीला कळायचं कारण आजीने चाळीस वर्षं केलं. मेलबर्नमध्ये पहिल्या मोदकाला कुठून आणायचा तो हात? आधी आकड्याने करू दे, हात मागून येईल. पण चाळून मोजायचं मात्र शंभर टक्के पटलं.

---

घावन_घाटलं

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद, आणि आजोबा तुम्हाला नमस्कार.

काल रात्री पोरगं झोपल्यावर काटा घेऊन बसले. माझी स्टीलची वाटी १६५ मिलीची निघाली, मी इतके दिवस तिला २०० ची समजत होते. पिठी चाळून चमच्याने भरून सुरीने सपाट केली तर ९८ ग्रॅम. मग मुद्दाम दाबून आपटून भरली तर १२१! वाटी तीच, पिठी तीच. बघतच राहिले. साखर १३९ आणि रवा ११४ आला. सगळं लिहून दाराला आतून चिकटवलंय.

पण आता एक भलतीच शंका आली. त्या दिवशी सारणही अगोड झालं होतं, तेव्हा मोदकांच्या दुःखात त्याच्याकडे लक्षच गेलं नाही. सासूबाईंचं प्रमाण खोबरं दोन वाट्या तर गूळ एक वाटी. मी फ्रोझन खोबऱ्याचं पाकीट आणलं होतं ४०० ग्रॅमचं आणि गूळ काट्यावर २०० ग्रॅम घेतला. म्हणजे इथेही तेच केलं का मी?

---

कोकम_आगळ

हो गं बाई, अगदी तेच केलंस!

खवलेलं ओलं खोबरं भुसभुशीत, २५० च्या कपात जेमतेम ८५-९० ग्रॅम बसतं. किसलेला गूळ तेवढ्याच कपात दीडशेच्या वर. म्हणजे दोन वाट्या खोबरं आणि एक वाटी गूळ काट्यावर घातलं तर वजन जवळजवळ सारखंच येतं, खोबरं किंचित जास्त. तुझ्या ४०० ग्रॅम खोबऱ्याला गूळ साडेतीनशेच्या आसपास लागला असता. तू घातलास दोनशे. फ्रोझनमध्ये बर्फाचं पाणीही असतं म्हणा, ते उतरल्यावर खोबरं चारशे राहत नाही, म्हणून तीनशेने सुरुवात करून चाखून वाढव. आणि गूळ चिरलेला का किसलेला का ढेप फोडून, यानेही वाटी बदलते. गुळाला तर काटाच बरा.

---

फसलेला_केक

वाह, म्हणजे पाणी कमी आणि गूळपण कमी. एकाच मोदकात दोन्ही चुका, निवगऱ्या मस्त होणारच.

तुमच्या आकड्यांवरून एक गोष्ट सरळ निघते बघा. ९८ ग्रॅम पिठीला १६५ मिली पाणी. म्हणजे १०० ला १६५-१७०. इथून पुढे वाटी हातात घ्यायचीच गरज नाही, ३०० ग्रॅम पिठी काट्यावर आणि ५०० मिली पाणी. पिठीचं पाकीट बदललं की एकदा परत वाटी भरून बघा, बस.

---

दोन_चिमटी_हिंग

मधेच घुसतेय, दिवाळी जवळ आली म्हणून. चकलीच्या भाजणीचं प्रमाण आईने किलोत दिलंय, तांदूळ एक किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडदाची पाव, मुगाची पाव, धने-जिरे वेगळे. मला वाटीनेच करायचीय, एवढी मोठी नको. तर प्रत्येकाचं वेगवेगळं गणित करायचं का? डाळ जड, तांदूळ हलका वगैरे?

---

ज्वारीचं_कणीस

नको. इथे तुमची सुटका आहे. अख्खं धान्य आणि डाळी मापात जवळपास सारख्याच भरतात, थोडं उन्नीस-बीस. मंडळीच्या २५० च्या कपात तांदूळ भरा का हरभऱ्याची डाळ भरा, दोनशे ग्रॅमच्या आसपासच येणार. त्यामुळे एक, अर्धा, पाव, पाव हे किलोत असलं काय आणि चार वाट्या, दोन वाट्या, एक, एक असलं काय, भाजणी तीच होते. आमच्याकडे म्हणूनच पिढ्यानपिढ्या मापानेच भाजणी झाली आणि कधी बिघडली नाही.

फक्त धन्याला फसू नका. धने आतून पोकळ, त्याच कपात ८० ग्रॅम भरले तर भरले. आईने शंभर ग्रॅम धने सांगितले असतील आणि तुम्ही डाळीच्या हिशोबाने अर्धा कप घेतले तर चाळीसच पडतील. पोहे घालत असाल तर ते तर नुसती हवाच. हे दोन्ही तोलूनच घ्या. आणि भाजून दळून आणलेल्या पिठाचं परत सगळं वेगळं, दळलं की फुगतं, तिथे उकडीचं पाणी वाटीला वाटी असेल तर वाटीनेच घ्या, नाहीतर या सुनबाईंसारखं होईल.

---

घावन_घाटलं

"या सुनबाईंसारखं" हाहा, नाव झालं माझं.

काल संकष्टी होती, परत केले. पिठी ३०० ग्रॅम चाळून, पाणी ५००, तूप, मीठ. पाण्याला उकळी आली, गॅस बारीक करून पिठी घातली, उलथण्याच्या टोकाने हलवलं आणि झाकण ठेवलं. काढली तर उकड लोण्यासारखी मऊ, परातीत मळायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खोबरं ३०० आणि गूळ २५०, तो थोडा जास्त झाला पण नवऱ्याला आवडला. वीस मोदक झाले, त्यातला एक बसका. कळ्या नऊ-दहाच पडतात अजून, सासूबाईंच्या एकवीस असतात, त्याला काट्याचा काही उपयोग नाही हे कळलं.

त्यांना फोटो पाठवला तर म्हणाल्या, बघ मी सांगत नव्हते पाणी कमी होतं! मी पण मग दिराला कामाला लावलं आणि त्यांची ती पितळी वाटी चिपळूणला पाणी भरून मोजून घेतली. २१० मिली! म्हणजे त्यांच्या तीन वाट्या म्हणजे माझ्या जवळजवळ चार. यापुढे त्यांची कुठलीही रेसिपी आली की आधी हा गुणाकार.

आता त्यांच्याकडून दिवाळीची यादी आलीये. भाजणी पितळी वाटीने, ते जमवेन. पण धने पुढे "दोन ओंजळी" लिहिलंय.

---

कोकम_आगळ

दिराला सांग, त्यांची ओंजळ काट्यावर रिकामी करायला. तुझी घेऊ नकोस.